२९ जुलै : क्लबच्या फळ्यावर काय लिहायचं, काय नाही

शाळेत सुविचाराचा फळा, वाचनालयात दिनविशेषाचा, तसा फुटबॉल क्लबात ‘आजच्या दिवशी’चा. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, फळा असतो, खडू असतो आणि लिहिणारा एक हौशीही असतो. घोटाळा होतो तो मजकुरात. सकाळी सहाला मोबाइलवर आलेला फॉरवर्ड सव्वासहाला फळ्यावर उतरतो, आणि सरावाला आलेलं बारा वर्षांचं पोर ती तारीख जन्मभर डोक्यात घेऊन फिरतं.

तेव्हा एकच तारीख घेऊ आणि ती नीट सोलून बघू. तारीख २९ जुलै. भारतातल्या एखाद्या क्लबच्या नावावर एखादी तारीख लिहून द्यायची म्हटली, तर ती हीच.

२९ जुलै १९११, शनिवार, कलकत्ता. आयएफए शील्डचा, म्हणजे इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेचा, अंतिम सामना. एका बाजूला कलकत्त्याचाच मोहन बागान क्लब, दुसऱ्या बाजूला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ही गोऱ्या शिपायांची पलटण. पहिला गोल पलटणीच्या जॅक्सनचा. बागानचा कर्णधार शिवदास भादुडी याने बरोबरी केली आणि अगदी शेवटी शेवटी अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. २-१. शील्ड १८९३ पासून खेळली जात होती. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ.

अंतिम फेरीपर्यंतची वाटही सोपी नव्हती. सेंट झेवियर्सला ३-०, रेंजर्सला २-१, रायफल ब्रिगेडला १-०. मग मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी आणि फेरसामन्यात ३-०. फळ्यावर एवढं सगळं मावत नाही, पण लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. ‘काका, फायनलच्या आधी कुणाला हरवलं होतं?’ असं पोरं विचारतातच.

अकरा जण असे : गोलात हिरालाल मुखर्जी, मागे भूती सुकुल आणि सुधीर चॅटर्जी, मधल्या फळीत मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य, पुढे कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुडी आणि शिवदास भादुडी. दोन-तीन-पाच ही त्या काळची मांडणी. आजच्या पोरांना चार-तीन-तीन ठाऊक असतं, म्हणून ‘पाच फॉरवर्ड?’ हा प्रश्न येणार. फळ्याशेजारी नुसते अकरा ठिपके काढले तरी तो सुटतो.

आता या तारखेला हमखास होणाऱ्या चुका.

पहिली : ‘इंग्रजांना हरवणारा पहिला भारतीय संघ’. हे चूक आहे. शोभाबाजार क्लबने १८९२ मध्येच ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. बागान पहिला आहे तो शील्ड जिंकण्यात. ‘पहिला’ हा शब्द लिहिताना पुढे ‘कशात’ हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर तो शब्द गाळावा. दिनविशेषाच्या निम्म्या चुका या एका शब्दापाशी होतात, असं माझं मत आहे.

दुसरी : ‘अकराही जण अनवाणी खेळले’. दहा जण अनवाणी होते. सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट होते. अकराच्या अकरा अनवाणी म्हटलं की चित्र जास्त ठसठशीत होतं, म्हणून लोक बूट काढून टाकतात. पण दहा अनवाणी आणि एक बूटवाला हेच जास्त बघण्यासारखं आहे, आणि खरंही तेच आहे.

तिसरी : ‘२९ जुलै हा मोहन बागानचा स्थापनादिन’. नाही. क्लब स्थापन झाला १५ ऑगस्ट १८८९ ला. २९ जुलै हा विजयाचा दिवस. तो क्लब ‘मोहन बागान दिन’ म्हणून पाळतो आणि त्या दिवशी ‘मोहन बागान रत्न’ देतो. पहिलं रत्न २००१ मध्ये शैलेन मन्ना यांना मिळालं. (जाता जाता : आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं १५ ऑगस्ट १९९० ला, म्हणजे बागानच्या जन्मानंतर बरोबर एकशे एक वर्षांनी. संबंध काही नाही, पण जळगावच्या पोरांच्या लक्षात तारीख राहायला याहून सोपी खूण नाही.)

चौथी : गर्दीचा आकडा. साठ हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत आकडे वाचायला मिळतात. तेव्हा मैदानावर आजच्यासारखं स्टेडियम नव्हतं, फाटकावर मोजणारं यंत्र नव्हतं, लोक झाडांवर चढले होते. अशा गर्दीचा आकडा हा अंदाजच असतो. फळ्यावर ‘हजारो’ लिहा. उलट १३ जुलै १९९७ ला, फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात, कलकत्त्याच्याच ईस्ट बंगालने बागानला ४-१ हरवलं, बायचुंग भुतियाने तीन गोल मारले, त्या दिवशीचा १,३१,७८१ हा आकडा बिनधास्त लिहा. तो नोंदलेला आहे.

पाचवी चूक म्हणजे गोष्टी. सामना संपल्यावर कुणी एकाने फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून ‘हा कधी उतरणार?’ असं विचारलं, ही गोष्ट दर वेळी नव्या तोंडून येते. कधी तो म्हातारा असतो, कधी ब्राह्मण, आणि उत्तर देणाराही बदलतो. गोष्ट छान आहे, सांगायला हरकत नाही, फळ्यावर नको. तसंच ‘या पराभवामुळे इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली’. राजधानी हलवण्याची घोषणा दिल्ली दरबारात १२ डिसेंबर १९११ ला झाली. वर्ष एकच म्हणून कारणही एकच असं होत नाही. पतंगांचं मात्र लिहा. मागे उभ्या असलेल्यांना सामना दिसत नव्हता, म्हणून गोलसंख्या लिहिलेले पतंग उडवून स्कोअर कळवला गेला, हे त्या दिवसाच्या वर्णनांत सारखं येतं. ‘अनवाणी वीरांनी साम्राज्य हादरवलं’ या ओळीपेक्षा एक पतंग जास्त सांगून जातो.

नावांचंही बघा. ‘भादुरी’ की ‘भादुडी’? मूळ बंगालीत ‘ड’खाली टिंब आहे. इंग्रजीत ते ‘र’ने लिहितात आणि तिथून मराठीत ‘भादुरी’ येतं. मी ‘भादुडी’ लिहितो. शिवदासचं इंग्रजी ‘शिबदास’ होतं, विजयदासचं ‘बिजोयदास’, कारण बंगाली उच्चार तसा आहे. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण एकाच फळ्यावर ‘शिबदास’ आणि ‘विजयदास’ अशी खिचडी नको. भाऊ आहेत ते.

वाराची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. १९०१ ते २०९९ या काळात दर २८ वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. १९११ मध्ये २८ मिळवत गेलं की १९३९, १९६७, १९९५, २०२३. भिंतीवरचं २०२३ चं कालनिर्णय अजून टाकलं नसेल तर काढून बघा : २९ जुलै, शनिवार. १९११ लाही शनिवारच. ईस्ट बंगाल आणि बागान कलकत्ता लीगमध्ये पहिल्यांदा भिडले ती तारीख २८ मे १९२५. तीनदा २८ मिळवले की २००९, त्या वर्षी २८ मे गुरुवारी होता, म्हणजे तेव्हाही गुरुवार. जुन्या खेळाडूने सांगितलं की ‘फायनल रविवारी होती’ आणि दाखवलेल्या तारखेला बुधवार निघाला, तर दोहोंपैकी एक गोष्ट चुकलेली आहे. माणसाला वार तारखेपेक्षा जास्त नीट आठवतो, म्हणून आधी तारखेवर संशय घ्यावा.

परदेशी क्लबांच्या तारखांना वेगळीच अडचण आहे, घड्याळाची. लिव्हरपूलने इस्तंबूलमध्ये मिलानविरुद्ध ०-३ वरून ३-३ करून पेनल्टीवर चॅम्पियन्स लीग जिंकली ती तारीख २५ मे २००५. पण आपल्याकडे तो सामना सुरू झाला तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजले होते, म्हणजे २६ मे लागला होता. ज्याने तो जागून पाहिला तो शपथेवर २६ सांगतो आणि त्याचं खोटं नाही. नियम साधा ठेवा : सामना जिथे झाला तिथली तारीख. मँचेस्टर युनायटेडने बार्सिलोनात बायर्नला शेवटच्या मिनिटांत दोन गोल मारून हरवलं ते २६ मे १९९९ ला, आपण कितीही म्हटलं की आपल्याकडे २७ उजाडला होता.

दुःखाच्या तारखांना आकडा दोनदा तपासावा. इंग्लंडमधलं हिल्सबरो मैदान, १५ एप्रिल १९८९, लिव्हरपूलचे पाठीराखे चेंगरले गेले. जुन्या मजकुरात मृतांचा आकडा ९६ असतो, पण २०२१ मध्ये त्या दिवशीच्या जखमांमुळे आणखी एक जण गेला आणि आकडा ९७ झाला. मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलं की इथे फसगत होते. म्युनिकचा, मँचेस्टर युनायटेडच्या संघाच्या विमानाचा अपघात ६ फेब्रुवारी १९५८ चा, एकूण २३ जण गेले. पण त्या संघातला डंकन एडवर्ड्स त्या दिवशी गेला नाही, तो २१ फेब्रुवारीला रुग्णालयात गेला. त्याचं नाव सहा तारखेच्या मृतांत न घालता एकवीस तारखेला वेगळं लिहा. आपल्याकडचा १६ ऑगस्ट १९८० तर विसरूच नये. ईडन गार्डन्सवर बागान–ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक गेले. त्या दिवशी फळ्यावर दुसरं काहीही लिहू नये, वाढदिवससुद्धा नाही.

क्लबचं नाव कोणतं लिहायचं? जे त्या दिवशी होतं ते. एटीके या कलकत्त्याच्याच क्लबशी जोडला गेल्यामुळे बागान २०२० च्या १ जूनपासून एटीके मोहन बागान होता आणि २०२३ च्या १ जूनपासून मोहन बागान सुपर जायंट आहे. १८ मार्च २०२३ ला गोव्यात बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप घेतला, तेव्हा जर्सीवर एटीके होतं. पाठीराख्यांना ते आवडत नव्हतं, हे खरं, पण आवडीनिवडीसाठी इतिहास बदलता येत नाही.

इथपर्यंतचं सगळं छापलेलं आहे, शोधलं की सापडतं. खरं काम पुढे आहे : आपल्या क्लबच्या तारखा. त्या कुठेच छापलेल्या नसतात.

सुरुवात कपाटातल्या चषकांपासून करा. शील्डवर चांदीच्या छोट्या पट्ट्या असतात, त्यांवर बहुधा वर्ष आणि विजेत्याचं नाव एवढंच. फिरत्या चषकाच्या बुडाशी एक तारीख असते, आणि तिथेच लोक फसतात. ‘कै. अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ याखालची तारीख चषक दिल्याची किंवा त्या माणसाच्या निधनाची असते, अंतिम सामन्याची नव्हे. पितळी चषक वर्षानुवर्षं चिंचेने आणि पितांबरीने घासून अक्षरं झिजलेली असतात. ती वाचायला पुन्हा घासू नका. पातळ कागद, पतंगाचा किंवा बटर पेपर, पट्टीवर घट्ट धरायचा आणि मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी, आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. खोलगट अक्षरं पांढरी उमटतात. तेही जमलं नाही तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता अगदी बाजूने, चषकाला जवळजवळ चिकटवून मारा. सावल्या पडतात आणि ‘१९६३’ मधला ३ की ८ हे कळतं.

निमंत्रणपत्रिका आणि भिंतीवर लावलेली पत्रकं ही सामना कधी होणार होता ते सांगतात, कधी झाला ते नाही. आपल्याकडची काळी माती माहीत आहे सगळ्यांना. एक जोराचा पाऊस झाला की बुटाच्या तळाला शेर-शेर चिखल चढतो, चेंडू जागच्या जागी बसतो, आणि सामना दोन दिवस, चार दिवस पुढे जातो. पत्रक मात्र तसंच राहतं. त्यामुळे पत्रिकेवरून घेतलेल्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह टाका. सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे रेफरीच्या अहवालाची कार्बन प्रत. तो सामना झाल्यावरच लिहिला जातो. नाहीच मिळाली तर हिशेबाच्या फाइलीत बघा : मंडपवाल्याचं बिल, लाउडस्पीकरच्या परवानगीचा कागद, बक्षीस समारंभाच्या चहाचं बिल. अंतिम सामन्याला लाउडस्पीकर नाही असं खानदेशात होत नाही.

वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं की वरची छापील तारीख उतरवायची घाई करू नये. बातमीच्या सुरुवातीला ‘भुसावळ, ता. १४’ असं असतं. ‘काल येथे झालेल्या सामन्यात’ मधला ‘काल’ त्या १४ पासून मोजायचा, अंकाच्या तारखेपासून नाही. तालुक्याची बातमी जिल्ह्याला पोहोचून छापून यायला पूर्वी दोन-तीन दिवस सहज जात. म्हणजे अंक १७ चा, बातमी १४ ची, सामना १३ चा. बागानच्या विजयाचं कात्रणसुद्धा असंच वाचावं लागतं : सामना शनिवारचा, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे हातातल्या अंकावर ३१ जुलै दिसली म्हणून गोंधळून जायचं कारण नाही.

फोटोंमधले फसवे आकडे वेगळेच. डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी संपून तारीख मूळपदावर गेली की सगळ्या फोटोंवर १ जानेवारी येते. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत ०१-०१ दिसलं तर ती तारीख सोडूनच द्या. ‘०५/०८’ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे? कॅमेरा कुठल्या पद्धतीवर लावला होता त्यावर आहे. अंगातले स्वेटर, ओलं मैदान, मागची शेतं बघून ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोच्या नावातला आकडा हा फोटो पाठवल्याचा दिवस असतो, काढल्याचा नाही, आणि आतली मूळ माहिती वाटेतच गळून जाते. मूळ फाइल मागून घ्या, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

मग उरतात माणसं, आणि इथे खरी मजा आहे. सत्तरी ओलांडलेला फॉरवर्ड ‘१२ मे’ असं कधीच सांगत नाही. तो सांगतो, ‘आखाजीना दुसरा दिन व्हता.’ हे उत्तर कमी नाही, उलट जास्त पक्कं आहे, फक्त त्याला पंचांग लावावं लागतं. अक्षय्य तृतीया दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते : २०२२ मध्ये ३ मे, २०२३ मध्ये २२ एप्रिल, २०२४ मध्ये १० मे. म्हणून वर्ष पक्कं झाल्याशिवाय तिथीची तारीख करू नये. उलट वर्ष माहीत नाही पण ‘आखाजी रविवारी आली होती’ एवढं आठवत असेल, तर जुन्या पंचांगात तशी वर्षं शोधता येतात. दहा वर्षांत एखाद-दोनच निघतात. पोळा, कानबाई, जळगावचा रथ, सारंगखेड्याची यात्रा या सगळ्या अशाच खुंट्या आहेत.

विचारायचं कसं, यालाही पद्धत आहे. ‘कोणतं साल?’ असं विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून एखादा आकडा देतो. त्याऐवजी विचारा : कापूस वेचणी चालू होती का? शाळेला सुट्टी होती का? दिवाळी होऊन गेली होती का? बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? इंदिराबाई गेल्या तेव्हा तुम्ही संघात होतात का? ३१ ऑक्टोबर १९८४ कुणाच्याही आठवणीत कुठे बसलेली आहे ते पटकन कळतं, आणि सामना तिच्या अलीकडे की पलीकडे एवढं ठरलं तरी निम्मं काम झालं. दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवून विचारू नका. पहिला जे बोलतो तेच दुसऱ्याला आठवायला लागतं. वेगवेगळं विचारा, मग जुळवा.

कागदावरच्या नावांवरूनही काळ ओळखता येतो. ‘पूर्व खानदेश’ लिहिलेलं असेल तर कागद जळगाव जिल्हा हे नाव रुळण्याआधीचा. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे भाग १९०६ मध्ये झाले, तेव्हा त्याच्याही नंतरचा. ‘धुळे जिल्हा संघ’ म्हणून शहाद्याचा किंवा तळोद्याचा खेळाडू दिसला तर १ जुलै १९९८ च्या आधीचं समजा, त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कॉलेजच्या संघाच्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ असेल तर ते आपलं विद्यापीठ होण्याच्या आधीचं. ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ हे नाव असेल तर २०१८ किंवा त्यानंतरचं.

स्थापनेच्या तारखेवरून क्लबात भांडणं होतात. तीन वेगवेगळ्या तारखा असतात आणि तिघे तीन धरून बसतात : पहिला सामना, पहिली बैठक, संस्था नोंदणी. धर्मादाय आयुक्तांकडचं प्रमाणपत्र सगळ्यात सुबक दिसतं म्हणून तीच स्थापना मानली जाते, पण नोंदणी बऱ्याचदा स्थापनेनंतर कितीतरी वर्षांनी, अनुदान किंवा मैदान हवं झालं की होते. बार्सिलोनाचं बघा : खेळाडू हवेत अशी जाहिरात २२ ऑक्टोबर १८९९ ला आली, आणि क्लब स्थापना मानतो २९ नोव्हेंबरच्या बैठकीला. तिन्ही तारखा वहीत ठेवा, तिन्हींपुढे काय ते लिहा. भांडण आपोआप बसतं.

वही म्हणजे २०० पानी दोन रजिस्टरं, जाड पुठ्ठ्याची. दिवस ३६६ (२९ फेब्रुवारीला पान हवंच), पानं ४००. उरलेली ३४ पानं मागे ‘तारीख नाही’ म्हणून ठेवा; ती सगळ्यात आधी भरतात. उदाहरणार्थ, ईस्टर्न रेल्वेने १९५८ मध्ये कलकत्ता लीग जिंकली, पी. के. बॅनर्जी त्या संघात होते. बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन या तिघांना डावलून लीग नेणारा पुढचा संघ २०१९ चा पीयरलेस. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ही गोष्ट फळ्यावर यायलाच हवी, पण हातात नुसतं वर्ष आहे. मग ती मागच्या पानावर. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये न्यूटन हीथ नावाने रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केला, तेही तिथेच. दिवस मिळाला की पुढे न्यायचं. मिळेपर्यंत कुठल्यातरी रिकाम्या दिवसावर चिकटवायचं नाही.

प्रत्येक नोंदीला तारीख, वार, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, मैदान, गोल, गोल करणारे, आणि शेवटी ‘कशावरून’. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर नोंद फळ्यावर जाणार नाही. त्याच रकान्यात एक अक्षर : प म्हणजे पक्की, दोन स्वतंत्र पुरावे, अ म्हणजे अर्धी, एक पुरावा, ऐ म्हणजे ऐकीव. फळ्यावर ‘प’ तशीच जाते, ‘अ’ला ‘असे सांगतात’ जोडायचं, ‘ऐ’ वहीतच.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. एकाच रकान्यात १५-०८-१८८९ टाकलं की एक्सेल ती तारीख मानतच नाही, कारण त्याचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं. क्रम लावताना ती नोंद भलतीकडे जाऊन पडते. तीन रकाने असले की आधी महिना, मग दिवस, मग वर्ष असा क्रम लावायचा, आणि वर्षाचा फळा समोर तयार.

आता २९ जुलैचा फळा. चार फूट बाय तीन फुटांच्या फळ्यावर, वीस पावलांवरून वाचता यावं इतकं मोठं लिहिलं तर शीर्षक धरून दहा ओळी मावतात, ओळीला पाच-सहा शब्द. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. पन्नास शब्दांच्या आत मजकूर बसवायचा. असा :

२९ जुलै १९११, शनिवार. कलकत्ता.
आयएफए शील्ड, अंतिम सामना.
मोहन बागान २, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट १.
गोल : शिवदास भादुडी, अभिलाष घोष, जॅक्सन.
शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ.
दहा जण अनवाणी, सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट.
मागच्यांना स्कोअर पतंगांवरून कळला.
पुढचा भारतीय विजेता : मोहम्मडन स्पोर्टिंग, १९३६.
बागानला शील्ड पुन्हा : १९४७.

शेवटच्या दोन ओळी मुद्दाम घातल्या आहेत. पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणाला जमलं नाही आणि खुद्द बागानला छत्तीस वर्षं लागली, हे कळल्यावर त्या २-१ चं वजन विशेषण न लावता कळतं.

जुलैत फळा ओला असतो, ही एक कटकट. दमट फळ्यावर खडू उमटत नाही, नुसता घसरतो. आदल्या संध्याकाळी फळा पत्र्याच्या शेडखाली घ्या, कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली तासभर राहू द्या आणि रात्रीच लिहून ठेवा. सकाळी बाहेर टांगताना वरून झापड किंवा प्लास्टिकचा कागद, पण फळ्याला चिकटलेला नको. आत दव साचलं की अक्षरं ओघळतात. आकडे रंगीत खडूने लिहायचे असतील तर पिवळ्याने. लाल खडू काळ्या फळ्यावर लांबून दिसत नाही, हिरव्यावर तर अजिबात नाही.

३० जुलैला क्लबांचं काही हाती नसेल तर फळा कोरा ठेवा. मोह होईल, कारण १९३० चा पहिला विश्वचषक अंतिम सामना आणि १९६६ चा, दोन्ही ३० जुलैचे आणि दोन्ही ४-२ नेच सुटले. पण ते देशांचे सामने, क्लबांचे नव्हेत. एकदा ती सूट दिली की फळ्यावर क्रिकेट यायला वेळ लागत नाही. ३१ जुलैच्या रात्री मात्र खडू तयार ठेवा. १ ऑगस्ट १९२०, ईस्ट बंगालची स्थापना.